खिडकीवाली बाई हळू गाते

कवळ्या करणाऱ्या बाईचा तो आठवडा काही धड गेला नाही. सोमवारी तिने पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांच्या कवळीला एखाद्या नटीला शोभतील असे पांढरेशुभ्र दात लावले. डॉक्टरीणबाईंनी मेणातली ती कवळी बसते का बघायला म्हणून तोंडात घातली आणि आरसा पुढे धरला, तर आजोबा स्वतःवरच बेहद्द खूश. आजी मात्र म्हणाल्या, "यांना असं घेऊन मी चार माणसांत जायची नाही." कवळी परत आली. मंगळवारी बाईने प्लास्टर कालवलं आणि कशासाठी कालवलं तेच विसरली. ते भांड्यातच दगड झालं. बुधवारी डॉक्टरीणबाई स्वतः आतल्या खोलीत आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"बाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे की. काय व्हायचंय?"

"नाही, इतक्या वर्षांत तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं."

"उकाडा आहे," बाई म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी खिडकीबाहेरच्या ढगाळ, गार हवेकडे एकदा पाहिलं आणि त्या गेल्या.

उकाड्याचा काही दोष नव्हता. येत्या रविवारी मंडळात तिची पाळी होती.

हे मंडळ म्हणजे सतरंजी अंथरून बसणारं मंडळ नव्हे. फोनवरचं. तीसेक माणसं, कोण कुठलं कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही असा तिथला नियमच. नाव, गाव, वय, धंदा, काही विचारायचं नाही. जो तो टोपणनावाने यायचा. दर रविवारी दुपारी तीनला एकजण आपला लाडका अल्बम मंडळापुढे ठेवायचा आणि बाकीचे आपापल्या घरी एकाच वेळी तो सुरू करायचे. गाणी चालू असताना एक अक्षर लिहायचं नाही. एक बाजू संपली की पाय मोकळे करायला थोडी सुट्टी, मग दुसरी बाजू. संपलं की बोला काय बोलायचं ते. आणि सगळ्यात कडक नियम असा, की अल्बम आपल्या जवळच्या रेकॉर्डवरून किंवा कॅसेटवरून, आपल्याच मशीनवर वाजवून उतरवलेला हवा. कंपनीने धुऊनपुसून गुळगुळीत केलेला चालायचा नाही. किरकिर असू दे, पण ती तुमच्या घरची असू दे, असं मंडळ चालवणाऱ्या गृहस्थाचं म्हणणं. त्याने स्वतःचं नाव 'मुनीम' ठेवलं होतं, आणि नियमांच्या बाबतीत तो मुनिमाच्या वरताण होता.

आता यात माणसाने झोप उडवून घेण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. बाईचा नवराही तेच म्हणत होता.

"एक रेकॉर्ड लावायची, संपली की उठायचं. त्यासाठी साखरेच्या डब्यात मीठ कशाला भरायचं?"

नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटर तपासायला होता. माणूस देवभोळा नव्हता पण देवमाणूस होता. फक्त घंटा आणि गाणं यांत त्याला एवढाच फरक कळायचा, की गाणं जास्त वेळ चालतं. त्याला बिचाऱ्याला अर्धीच गोष्ट माहीत होती. उरलेली अर्धी अशी, की मंडळात 'हेडमास्तर' नावाचा जो एक सभासद होता, तो बाईचा सख्खा मोठा भाऊ होता. बाईला ते ठाऊक होतं. 'जुनी सुई' म्हणजे आपली बहीण, हे मात्र दादाला ठाऊक नव्हतं. आणि दोघं आठ-नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती.

भांडण कशावरून झालं ते सांगायचीही लाज वाटावी. बाबा गेल्यावर घर रिकामं करायची वेळ आली. पलंग, कपाटं, भांडीकुंडी यावरून दोघांत चकार शब्द झाला नाही. "तू घे", "नको रे, तूच ने", असंच चाललं होतं. राहता राहिला बाबांचा रेकॉर्ड प्लेअर, ज्याला घरात सगळे नुसतं 'मशीन' म्हणायचे, आणि खोकंभर रेकॉर्ड्स. हत्ती निघून गेला आणि शेपटाशी सगळं अडलं. दादा म्हणाला, रेकॉर्ड्स माझ्याकडे राहू देत. ती म्हणाली, मग मशीन माझ्याकडे. दोघांनाही वाटलं, समोरचा आता म्हणेल, अगं वेडे, अरे खुळ्या, दोन्ही एकत्रच असायला हवं, तूच ने. कुणीच म्हणालं नाही. मग शब्दाने शब्द वाढत गेला. तो म्हणाला, "तुला गाण्यातलं काय कळतं, तू दात कर." ती म्हणाली, "आणि तू? बाबा अंथरुणावर होते तेव्हा एक रेकॉर्ड तरी लावलीस त्यांच्यासाठी?" दोन्ही वाक्यं वर्मी बसली. दादा खोकं उचलून निघून गेला, ती मशीन घेऊन घरी आली.

म्हणजे एकाकडे रेकॉर्ड्स, वाजवायला मशीन नाही, आणि दुसरीकडे मशीन, लावायला रेकॉर्ड नाही. शहाण्या माणसांनी हे चार दिवसांत मिटवलं असतं. पण बाबांचा हट्टीपणा तेवढा दोघांनी न भांडता निम्मा निम्मा वाटून घेतला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. बाईचा तर पोटापाण्याचा धंदाच तो, तरी या चाव्यावर तिला काही इलाज सापडला नाही.

मधल्या काळात वहिनी तेवढी गुपचूप फोन करायची. सुखदुःखाची बातमी पोचवायची, आणि प्रत्येक वेळी "मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका हं" असं शेपूट जोडायची. तिच्याकडूनच मंडळाचं कळलं.

"वन्सं, यांचं हल्ली काही खरं नाही," वहिनी हलक्या आवाजात म्हणाली होती. "रविवारी दुपारी दार लावून बसतात. फोनवर कसलंसं मंडळ आहे, सगळे मिळून गाणी ऐकतात. आणि नाव काय घेतलंय माहितेय? हेडमास्तर! घरात कुणी ऐकत नाही ना, मग तिथे छडी चालवतात."

बाईने मंडळ शोधून काढलं, 'जुनी सुई' होऊन आत शिरली आणि मागच्या बाकावर गप्प बसून राहिली. दादा तिथेही दादाच होता. कुणी अल्बमचं साल चुकवलं, धरला. कुणी दुसरी बाजू आधी लावली, धरला. 'ट्यूनर' नावाचा एक हुशार सभासद होता, त्याची कॅसेट किंचित जलद पळत होती, तर हेडमास्तरांनी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं: "वेग सांभाळता येत नसेल तर मंडळापुढे ठेवू नये." ते वाचून बाई स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिली. लहानपणी तिच्या पाढ्यांवर तो असाच बसायचा.

हळूहळू तीही एखादी ओळ लिहायला लागली. एकदा तिने लिहिलं, की चौथ्या गाण्यात गाणारा नुसता बोलतोय, गाताहेत ते वाजवणारे. त्याखाली हेडमास्तरांची ओळ उमटली: "जुनी सुई यांच्याशी मी सहमत आहे." बस्स, एवढंच. पण ती ओळ तिने कामावर जाताना वाचली, भाजी चिरताना वाचली, आणि एका बाईंच्या दाढा मेणात बसवताना मध्येच हात पुसून पुन्हा वाचली. दादा आपल्याशी सहमत झाल्याचं तिला उभ्या जन्मात आठवत नव्हतं.

तेव्हापासून रविवारची दुपार तिची झाली. तीन वाजता ती इकडे सुरू करायची आणि तिकडे कुठेतरी दार लावून दादा तेच ऐकत असायचा. दोघं बोलत नव्हती, पण ऐकत होती एकत्र. आता आपण कोण हे त्याला कळलं तर? दादाचा स्वभाव तिला पाठ होता. एक घाव दोन तुकडे. मंडळ सोडेल, मागे वळून बघायचा नाही, आणि हातची ही दुपारसुद्धा जाईल. बरं, लपूनच राहावं, तर हेडमास्तर आणि जुनी सुई असं अहोजाहो करत दोघं म्हातारी होतील आणि एक दिवस वहिनीचा फोन येईल. यातलं जास्त वाईट कोणतं हे तिला ठरवता येईना, आणि म्हणून प्लास्टरचा दगड होत होता.

पाळी टाळता येण्यासारखी नव्हती. मुनिमाने आठवण करून दिली होती, आणि पाळी टाळणाऱ्याला तो मंडळातून काढायचा. एखादा निरुपद्रवी अल्बम ठेवून मोकळं व्हावं, असा शहाणपणाचा विचार तिने केला. मधल्या वर्षांत जुन्या बाजारातून जमवलेल्या चार-पाच रेकॉर्ड्स काढून लावून पाहिल्या. एकही पाच मिनिटं ऐकवेना. गुरुवारी ती बसमधून आधीच्याच थांब्यावर उतरली आणि बूटपॉलिशवाल्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत आणि परत, अशा उगाच फेऱ्या घालत राहिली. शुक्रवारी घरातली सगळी कपाटं उपसली आणि होती तशीच पुन्हा लावली. मंडळाचा नियम लाडका अल्बम ठेवायचा होता, आणि तिचा लाडका अल्बम एकच होता.

त्याचं खरं नाव लांबलचक होतं. वेष्टनावर खिडकीशी पाठमोरी बसलेली एक बाई होती, म्हणून घरात त्या रेकॉर्डचं नाव 'खिडकीवाली'. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. संध्याकाळी काळ्या बोटांनी घरी यायचे, साबण लावून दोनदा हात धुवायचे आणि मगच रेकॉर्डला हात लावायचे. दादा आणि ती जमिनीवर पालथी पडून, हनुवटी हातांवर टेकवून ऐकायची. खिडकीवालीचा आवाज जाडसर होता, थोडा उदास. एकेक शब्द जपून खाली ठेवावा तसा ठेवायची आणि मगच पुढच्याला हात घालायची. बाबा म्हणायचे, "बघा, किती निवांत गाते. हिला कुठे म्हणजे कुठे जायचं नाहीये." शाळेत कुणी ओरडलं, घरात काही बिनसलं, की ती दोघं आपणहून खिडकीवाली लावून बसायची, आणि ती संपेपर्यंत बिनसलेलं निम्मं तरी बरं व्हायचं.

बाबांची रेकॉर्ड दादाकडे गेली. पुढे काही वर्षांनी जुन्या बाजारात, फुटक्या बरण्यांच्या मागे, बाईला तिचीच दुसरी प्रत सापडली. घरी आणून मशीनवर लावली, आणि पहिल्याच ओळीला तिच्या काळजात असं चर्र झालं की ती पोळपाट मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली होती.

आता ही मंडळापुढे ठेवली तर दादा ओळखेल का? का ओळखेल? अशी रेकॉर्ड हजार घरांत असेल. मग ओळखणार नाही, हेच खरं. पण नाहीच ओळखलं तर? तेही तिला नको होतं. शनिवारी सकाळी तिने मशीनची वायर काढून कॉम्प्युटरला जोडली आणि आठही गाणी उतरवून घेतली. मग नवऱ्याला सगळं सांगितलं.

नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे इतके दिवस तू भावाबरोबर गाणी ऐकतेस आणि मला वाटलं तुला गाण्याचं वेड लागलंय."

"त्याला कळलं तर तो निघून जाईल हो."

"जाऊ दे. नाहीतरी कुठे आलाय? आणि कळलं तर कळलं, तो काही चावत नाही."

"तुम्हाला दादा माहीत नाही."

"चावला तर चावला," नवरा म्हणाला. "दातांचं तू बघ."

रविवारी तीन वाजता मुनिमाने जाहीर केलं: "आज जुनी सुई. सर्वांनी सुरू करावे." आणि मंडळ गप्प झालं. बाईला बसवेना. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारातून स्वयंपाकघरात. फोनवर काही उमटायची शक्यता नव्हती, नियमच होता, तरी दर दोन ओळींनी ती फोन बघत होती. खिडकीवाली आपली सावकाश गात होती. आज पहिल्यांदाच बाईला वाटलं, आटप की गं.

दुसरी बाजू संपली. पहिली ओळ ट्यूनरची.

"जुनी सुई, अल्बम सुंदर आहे. पण तुमचं मशीन हळू चालतंय. बाईंचा आवाज जवळजवळ अर्धा सूर खाली आहे."

आणि मग धबधबा सुटला. कुणी लिहिलं, "तरीच! मला वाटलं बाईंना सर्दी झालीय." कुणी लिहिलं, "मला वाटलं बाईंचे वडील गाताहेत." आणखी एकाने, "सुई, जुनी असू दे, पण मशीनचा पट्टा नवा घाला," असा सल्ला दिला आणि खाली हसणारे चेहरे लावले.

बाईच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिने लिहिलं, "मशीन हळू नाही. आमच्याकडे हा पहिल्यापासून असाच वाजतो."

"म्हणजे पहिल्यापासूनच हळू आहे," ट्यूनरने लिहिलं.

ट्यूनर माणूस वाईट नव्हता, उलट मदतीला तत्पर. तेवढ्यात त्याने वेग दुरुस्त करून पहिलं गाणं मंडळापुढे ठेवलंसुद्धा. बाईने ते लावलं. आवाज पातळ होता, तरुण होता, लखलखीत होता. आणि घाईत होता. बस सुटतेय म्हणून कुणी खालून हाक मारावी, तसा. चांगलं होतं हो गाणं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मंडळी वा वा करत होती ते काही उगाच नाही. पण ही कोण बाई? हिला ती आयुष्यात कधी भेटली नव्हती. म्हणजे बाबा इतकी वर्षं म्हणायचे, हिला कुठे जायचं नाहीये. तिला तर जायचं होतं. मशीन तिला जाऊ देत नव्हतं. हात दोनदा धुऊन, केवढ्या अभिमानाने बाबा ते मशीन लावायचे, पाहुण्यांना बसवून ऐकवायचे, आणि सगळं चुकीचं होतं. तिला बाबांची कीव आली आणि लगेच कीव आली याचा राग आला. आपण हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं तिला वाटलं. घरातली सगळ्यात चांगली गोष्ट तिने आपल्या हाताने बाहेर काढली आणि तीस परक्या माणसांनी ती तपासून नापास केली.

आणि हेडमास्तरांचा पत्ता नव्हता. "सर कुठे आहेत? आज वेगाचा तास आहे!" कुणीतरी लिहिलं. "छडी शोधताहेत," दुसऱ्याने लिहिलं. बाईने फोन पालथा घातला आणि भांडी घासायला घेतली.

"अगं, ती घासलेलीच आहेत," नवरा म्हणाला.

"असू देत."

फोन थरथरला. तिने ओल्या हाताने उलटा केला. हेडमास्तर.

"पहिलीच प्रत ठेवावी. तिचा वेग बरोबर आहे."

मग ट्यूनर: "सर, चेष्टा करताय का? माझी कॅसेट केसभर पळाली तर तुम्ही मला वर्गाबाहेर काढलंत."

"तुमची चूक होती. ही चूक नाही."

"मोजून दाखवू?"

"मोजू नका."

मुनीम मध्ये पडला. "हेडमास्तर, कारण लिहावे. कारणाशिवाय मत देऊ नये."

बाई नळ उघडा टाकून उभी होती. नवऱ्याने येऊन नळ बंद केला आणि तिच्या खांद्यावरून तोही वाचू लागला. हेडमास्तर लिहीत होते, थांबत होते, पुन्हा लिहीत होते. मग सगळं एकदम आलं.

"वडील गेल्यावर त्यांच्या रेकॉर्ड्स माझ्याकडे आल्या. मशीन आलं नाही. मी नवीन आणलं आणि सगळ्यात आधी हाच अल्बम लावला. बाई पळायलाच लागल्या. मशीन बिघडलेलं आहे म्हणून परत केलं, दुसरं आणलं. तेही तसंच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, साहेब, मशीन ठीक आहे, तुमचा कानच हळू चालतो. तेव्हा मला कळलं, की हळू होतं ते आमच्या घरचं मशीन. त्यानंतर मी हा अल्बम कधी लावला नाही. आज ऐकला."

आणि त्याखाली लगेच दुसरं: "जुनी सुई, तुमच्या मशीनच्या झाकणाला चटक्याची खूण आहे का? डाव्या कोपऱ्यात?"

"वैयक्तिक प्रश्न विचारू नयेत," मुनिमाने लिहिलं. "नियम सर्वांना सारखा."

"नियम गेला खड्ड्यात," हेडमास्तरांनी लिहिलं.

बाईने लिहिलं, "नाही." पुसलं. लिहिलं, "कसला चटका?" तेही पुसलं. तिला अक्षरं दिसेनात. आता एक शब्द, आणि पुढच्या रविवारी एकतर सगळं असेल नाहीतर काहीच नसेल. नवऱ्याने तिच्यामागे खुर्ची सरकवली. शहाणा माणूस. तिने डोळे पुसले आणि लिहिलं.

"आहे. इस्त्रीचा. तूच ठेवली होतीस."

पाठवलं. मंडळात खळबळ उडाली. "अहो सुई, सरांना अरेतुरे?" "काय चाललंय काय?" "ही इस्त्री कुठून आली मध्येच?" आणि या सगळ्याच्या खाली, फिकट अक्षरांत, एक ओळ उमटली: हेडमास्तर मंडळातून बाहेर पडले.

बाई खुर्चीत बसली. तिने फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. हेच होणार हे तिला माहीत होतं, सोमवारपासून माहीत होतं, आणि तरीही तिने ते केलं. रडूसुद्धा येईना. नवरा म्हणाला, "चहा टाकतो," आणि चहाचं भांडं शोधत राहिला, जे त्याच्या समोरच होतं.

फोन वाजला. वहिनीचा नंबर.

"वहिनी," बाई म्हणाली, "गेला ना तो? रागावलाय ना? मी मुद्दाम नाही हो केलं…"

पलीकडे श्वास ऐकू आला. वहिनीचा नव्हता.

"इस्त्री तू ठेवली होतीस," दादा म्हणाला.

आठ-नऊ वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"तू," ती म्हणाली.

"तू. निळ्या फ्रॉकला इस्त्री करायची घाई तुला. मी नुसता प्लग काढला. आणि मार मी खाल्ला."

"मंडळ का सोडलंस?"

"मग काय करू? त्या ट्यूनरसमोर रडू?"

त्याचा आवाज फाटला होता. मागे वहिनी "पाणी देऊ का" म्हणत होती आणि दादा तिला "गप गं" म्हणत होता. बोलण्यासारखं इतकं होतं की पहिलं कोणतं काढावं ते बाईला समजेना.

"तुला सांगायचं होतं गं," दादा म्हणाला. "त्या दुकानातून बाहेर पडलो ना, तेव्हा पहिला विचार हाच आला, की हे हिला सांगितलं पाहिजे. ही पोट धरून हसेल. तिथेच फूटपाथवर उभा राहून फोन काढला, तुझं नाव शोधायला लागलो. मिळेना. मग आठवलं, मीच खोडलं होतं." तो थांबला. "बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता नवीन मशीन ठीक आहे ना? तिची काय चूक? पण दुसऱ्या कुणाला सांगून समजणार होतं हे? जगात तू आणि मी, दोघांनीच ती बाई ऐकलीय."

बाईने पदर तोंडाशी धरला. तिला वाटलं, रेकॉर्ड्स घेऊन ये म्हणावं, चूक झाली म्हणावं, तूही केलीस म्हणावं. पण त्या क्षणी तिला दुसरंच काहीतरी हवं होतं.

"मग आता सांग ना," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. मला काही माहीत नाही असं समज आणि सांग."

दादाने घसा खाकरला. बाबा पाहुण्यांसमोर बोलायच्या आधी खाकरायचे, अगदी तसा.

"अगं, ऐक," तो म्हणाला, "गंमतच झाली. आपलं मशीन हळू आहे."

"काय सांगतोस!" बाई म्हणाली, आणि तिला हसू फुटलं ते थांबेचना. पलीकडे दादाही हसत होता की रडत होता, ते नीट कळत नव्हतं. नवरा रिकामं भांडं हातात धरून तिच्याकडे बघत राहिला होता.